स्वप्ना ओव्हाळच्या दोऱ्या

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मराठी मंडळींत स्वप्ना ओव्हाळला 'पतंगवाली' म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकतही नव्हती. बाई मूळची खडकीची. वडील दारूगोळा कारखान्यात, आई शाळेत शिक्षिका. ती मेटलर्जी शिकली, धम्मदीपशी लग्न झालं, आणि दोघं स्किल्ड व्हिसावर इकडे आले तेव्हा मुलगी चारुता पाच वर्षांची होती. धम्मदीप आयटीतला, आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने सिडनीला जाणारा. स्वप्नाला पोर्ट केंब्लाजवळ एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी मिळाली. तिथलं तिचं काम सांगायला सोपं होतं. पोलादाचा तुकडा मशीनच्या दोन जबड्यांत धरायचा आणि तुटेपर्यंत ओढायचा. किती ताणाला तो लांबला, किती ताणाला मधोमध बारीक झाला, कुठे तुटला, ते लिहून पुढे पाठवायचं.

पतंगाचा नाद तिला तिथेच लागला. लॅबपासून समुद्र दहा मिनिटांवर. एका दुपारी ती डबा घेऊन किनाऱ्यावर बसली होती, तर समोर एक म्हातारा पतंग उडवत होता. ग्रॅहम त्याचं नाव. क्रेन चालवून रिटायर झालेला. पतंग आपल्याकडच्यासारखा एका दोरीचा नव्हता. दोन दोऱ्या, दोन हातांत एकेक. उजवी ओढली की उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे. आणि हात नेमका सैल सोडला तर मध्येच हवेत थांबतो, पोटावर आडवा होतो. स्वप्ना जेवायची थांबली. तिच्याकडे बघत ग्रॅहमने दोऱ्यांच्या टोकांचे, बोटांत अडकवायचे पट्टे पुढे केले. "हॅव अ गो, मेट."

खडकीला संक्रांतीला तिचा भाऊ निनाद गच्चीवर चढायचा आणि ही आसारी धरून त्याच्यामागे उभी असायची. मांजा हातात कधी आलाच नाही. इथे पहिल्याच झटक्याला पतंग वाळूत नाक खुपसून पडला. दुसऱ्यांदा पडला. पाचव्यांदा उभा राहिला आणि तिच्या दोन्ही हातांना अशी ओढ लागली की त्या दिवशी लॅबला परत जायला तिला उशीर झाला.

ग्रॅहमने तिला शिकवलं ते उडवण्यापेक्षा दोरीबद्दल जास्त. "पतंग म्हणजे कापड आणि काड्या," तो म्हणायचा, "मोडला तर दिसतो. दोरी बिघडली तर दिसत नाही." वारा हलका असेल तर वीस किलोची बारीक दोरी, नेहमीच्या वाऱ्याला चाळीसची, आणि ऑगस्टमध्ये डोंगरावरून पश्चिमेचा वारा कोसळतो तेव्हा सत्तरची. हलक्या वाऱ्यात जाड दोरी लावली तर पतंग बिचारा नुसती दोरीच ओढत बसतो. दोन्ही दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर पतंग एका अंगाला वळत राहतो. मध्ये गाठ चालत नाही. गाठीपाशी दोरीची ताकद निम्मी होते. खेळून झालं की गोड्या पाण्यातून काढायची, सावलीत वाळवायची, आणि गुंडाळताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळायची, म्हणजे पीळ बसत नाही.

हे सगळं स्वप्नाच्या अंगात मुरायला वेळ लागला नाही, कारण तिचं पोटच अशा गोष्टींवर चाललं होतं. दर रविवारी संध्याकाळी ती मागच्या अंगणात बसून दोऱ्या तपासायची. चिमटीत धरून पंचवीस मीटर दोरी सरकवायची. कुठे केसाएवढा तंतू उभा राहिला असला तरी बोटांना कळायचं. डोळे मिटूनच करायची हे. ग्रॅहम पुढे मुलाकडे क्वीन्सलंडला गेला. स्वप्नाकडे तोवर तीन पतंग झाले होते: एक हलक्या वाऱ्याचा, एक रोजचा, आणि एक मधोमध जाळी असलेला, वादळी दिवसांसाठी. किनाऱ्यावरच्या एका मेळाव्यात तिने गाण्यावर पतंग नाचवला आणि तिसरी आली. चारुता शाळेत सांगायची, "माय मम फ्लाइज काइट्स. लाइक, सीरियसली."

पन्नास पूर्ण झाल्यावर सरकारकडून पोस्टाने एक पाकीट येतं. आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं. बरेच जण ते बाथरूमच्या कपाटात टाकून देतात. स्वप्नाने त्याच आठवड्यात नमुना पाठवला, आणि दोन महिन्यांत तिचं ऑपरेशन झालं. मग सहा महिने केमो, बारा वेळा.

त्या औषधाचा एक गुण असा होता की थंड काही सहन व्हायचं नाही. फ्रीज उघडला तर बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. पाणी कोमट करून प्यायचं, दूध काढायलाही हातमोजे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे जाईल. सुया गेल्या. त्यांच्या जागी काहीच आलं नाही. बोटांच्या शेवटच्या दोन पेरांत, दोन्ही हातांच्या, काहीही कळेनासं झालं. शर्टाची बटणं बघून लावावी लागत. पर्समध्ये हात घातला तर किल्ली कुठली आणि पेन कुठलं ते कळायचं नाही. एकदा तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजलं, आणि ते तिला जेवताना कळलं, फोड दिसला तेव्हा.

शेवटच्या स्कॅनचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टर हसून म्हणाले, कुठे काही नाही. पार्किंगमध्ये येऊन धम्मदीप गाडीच्या टपावर डोकं ठेवून रडला. स्वप्ना त्याच्या बाजूला उभी होती. तिची नजर पार्किंगच्या मशीनवर होती. मुदत संपायला सहा मिनिटं राहिली होती.

"दीप, चल," ती म्हणाली. "टाइम होतोय."

घरी फुलं आली, मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. यामिनीने, तिच्या जुन्या मैत्रिणीने, पुरणपोळ्या आणल्या. "किती बरं वाटत असेल ना गं?" यामिनीने विचारलं. स्वप्ना हो म्हणाली. बरं वाटत नव्हतं, वाईटही वाटत नव्हतं. ती आठवड्यातून दोन दिवस लॅबला जाऊ लागली. नमुने जबड्यांत बसवायचं काम दुसऱ्या कोणी करायचं, ती स्क्रीनवरचे आकडे बघायची. घरी येऊन सोफ्यावर बसायची. टीव्ही चालू असायचा.

पतंगांची पिशवी गॅरेजमध्ये होती, ती तिथेच राहिली. दीडेक वर्ष झालं. बोटांना ओढ कळत नाही तर दोन दोऱ्यांचा पतंग उडवायचा कसा? पट्टे तिचे बोटांत अडकवायचे होते, बारीक, अंगठीसारखे; सगळा खेळ त्या दोन बोटांवर. याबद्दल तिने कोणाशी चर्चा केली नाही. रडलीही नाही. जुलैच्या एका बुधवारी धम्मदीपला एवढंच म्हणाली, "तो केलीव्हिलचा अजित, त्याने मागे विचारलं होतं ना पतंग विकणार का म्हणून? त्याला म्हणावं, येऊन घेऊन जा. असेच देऊन टाकू."

धम्मदीप जेवताना थांबला. "तिन्ही?"

"ठेवून काय करायचंय?"

अजित रविवारी येतो म्हणाला. द्यायचे तर नीट करून द्यावेत, एवढ्यासाठी शनिवारी सकाळी स्वप्नाने पिशवी उघडली. कापड ठीक होतं. काड्या ठीक होत्या. मग तिने रोजच्या पतंगाची दोरी उलगडायला घेतली आणि दहाएक मीटरवर तिला गाठ दिसली. चांगली टपोरी, घाईत मारलेली गाठ. गुंडाळीही गोल गोल केलेली, खेळण्याच्या पतंगासारखी. दोऱ्यांत वाळू.

धम्मदीप दारात येऊन उभा राहिला होता.

"मी घेऊन गेलो होतो," तो म्हणाला. "मार्चमध्ये. तू झोपली होतीस."

"कशाला?"

"मला वाटलं, मी शिकलो तर तू बघायला तरी येशील. अर्धा तास उडवला बरं का. मग त्या खडकांवर दोरी घासली आणि तुटली. सांगणार होतो, मग..." त्याने हात हवेत उडवले. "सॉरी."

एके काळी या गाठीवरून तिने घर डोक्यावर घेतलं असतं. चारुता लहानपणी एकदा ओल्या दोरीवर बसली होती, तेव्हा तिलाही सोडलं नव्हतं. स्वप्ना गाठीकडे बघत राहिली आणि आता राग येईल म्हणून थांबली. आला नाही. धम्मदीपचा चेहरा पडलेला होता, तोही तिला दूरच्या नातेवाइकाचा असावा तसा दिसला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "कापू आणि नव्याने करू. ही अशी नाही देता येणार."

फिगट्री उपनगरातल्या त्यांच्या घराच्या अंगणात कपड्यांच्या दांडीपासून मागच्या कुंपणापर्यंत सतरा मीटर जागा होती. दोरी त्याहून लांब. म्हणून ते जवळच्या ओव्हलवर, क्रिकेटच्या मैदानावर गेले. तंबूचा एक खुंटा जमिनीत ठोकला. दोन्ही दोऱ्यांची टोकं त्यात अडकवली. दुसऱ्या टोकाला जाऊन दोन्ही सारख्या ताणल्या तर तुटून गाठ मारलेली डावी दोरी चार बोटं आखूड भरली. गाठ कापायची तर उजवीही त्याच मापाने कापायला हवी होती. पंचवीस मीटरच्या दोरीची पंधरा होणार होती.

"आखूड दोरीवर पतंग फार पळतो," स्वप्नाने सांगितलं. "हातात वेळच राहत नाही. पण शिकणाऱ्याला चालेल. पडला तरी लांब चालत जायला नको."

कापलेल्या टोकाला आवरण चढवायचं असतं. जाड, पोकळ विणलेली नाडी. तिच्यातून दोरी ओवून घ्यायची, दुमडायची आणि गाठ मारायची. नाहीतर बारीक दोरी स्वतःलाच कापते. स्वप्नाने ओवण्याची तार हातात घेतली. ती तिच्या हातातून पडली. तिने उचलली, परत पडली. तिसऱ्यांदा ती गवतात कुठे गेली तेच दिसेना.

"दे इकडे," धम्मदीप म्हणाला.

"तुला नाही येणार."

"तू सांग, मी करतो."

मग तसंच झालं. ती सांगत गेली, तो करत गेला. तार आत घाल. इतकी नाही. आता दोरीचं टोक तारेत अडकव. हळू. ओढ. पहिलं आवरण त्याने तीनदा केलं. त्याच्या कपाळावर घाम होता, इथल्या जुलैच्या थंडीत. दुसऱ्या गाठीच्या वेळी दोन्ही दोऱ्या पुन्हा ताणल्या, उजवी अर्धा सेंटिमीटर लांब होती. "असू दे ना," तो म्हणाला. तो गाठ सोडण्याची वाट बघत ती उभी राहिली. त्याने सोडली.

उरलेल्या दोरीवर आणखी कुठे ओरखडा आहे का ते बघायचं होतं. सवयीने तिने चिमटीत धरली आणि सरकवली. काहीच कळलं नाही. हवेतून हात फिरवावा तसं. डोळ्यांनी बघायचं तर पांढऱ्या दोरीवर पांढरा तंतू या उन्हात दिसणार नव्हता. मग तिने दोरी उचलली आणि खालच्या ओठावरून ओढायला सुरुवात केली. ओठाला सगळं कळत होतं. दोरीचा गारवा, खारट चव, विणीची बारीक खरखर. सहाव्या मीटरला काहीतरी टोचलं.

"इथे," ती म्हणाली. "बघ."

धम्मदीपने चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरली. एक तंतू तुटून उभा होता. "बापरे, हे तुला कळलं?"

दोरी आता पंधराचीही राहणार नव्हती. ती फेकूनच द्यावी असं ठरलं. एवढा सकाळपासूनचा खटाटोप वाया गेला, आणि धम्मदीप हसायला लागला. तिला हसू आलं नाही, पण तो हसतोय हे तिने पाहिलं.

पिशवीच्या तळाशी जाळीवाल्या पतंगाबरोबर आलेले मनगटात घालायचे पट्टे होते. रुंद, आत स्पंजचा थर. तिने ते कधी वापरले नव्हते. तिच्या मते मनगटाने पतंग उडवणं म्हणजे हातमोजे घालून पेटी वाजवणं. संध्याकाळी चारुताचा मेलबर्नहून फोन आला. धम्मदीपने तिला सगळा वृत्तांत सांगितला.

"आई, तुला मनगटात फीलिंग आहे ना?" चारुता म्हणाली. "सो जस्ट यूज द कफ्स. उद्या अजितकाका यायच्या आधी. इफ यू हेट इट, नो वरीज, देऊन टाक."

"बघू," स्वप्ना म्हणाली.

रविवारी सकाळी पश्चिमेचा वारा होता. फारच. किनाऱ्यावर वाळू पायांना चावत होती आणि माणसं कुत्री घेऊन माना खाली घालून चालत होती. या वाऱ्यात फक्त जाळीवाला पतंग चालणार होता, सत्तर किलोच्या दोरीवर. ही दोरी धम्मदीपने मार्चमध्ये हाताळली नव्हती, त्यामुळे ती शाबूत होती. स्वप्नाने पट्टे मनगटांत चढवले. घट्ट करायला दात वापरले. धम्मदीपने पतंग दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला उभा केला.

तिने हात मागे घेतले. पतंग उडाला आणि तिला दोन पावलं पुढे खेचून घेऊन गेला. ओढ बोटांत नव्हती. ती मनगटाच्या हाडात होती, तिथून कोपरात, आणि कोपरातून खांद्यात; ओबडधोबड, जाड, बैलाच्या कासऱ्यासारखी. पूर्वी ज्या बारीक थरथरीवरून पतंगाच्या मनात काय आहे ते तिला कळायचं, ती थरथर नव्हतीच. तिने उजवा हात ओढला, पतंग फार वळला. सावरायला डावा ओढला तर उशीर झाला आणि तो धाडकन वाळूत आपटला.

धम्मदीप धावत गेला आणि पतंग उभा केला. परत उडाला, परत पडला. चार-पाच वेळा झालं. सहाव्यांदा तिने हात हलवणं सोडलं आणि कमरेतून वळली. पतंग मोठं, बेडौल वर्तुळ काढून वर आला आणि वर राहिला. तिने घड्याळ बघितलं नव्हतं. धम्मदीप नंतर म्हणाला की अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत तिला आनंद झाला का, तर तसं म्हणता येणार नाही. हात दुखत होते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं. दुखतंय एवढं तिला स्पष्ट कळत होतं, आणि ते कुठे दुखतंय हेही.

पतंग खाली उतरवून ती दोऱ्या गुंडाळायला वळली, तर अजितला द्यायच्या आधी बघायला धम्मदीपने उलगडलेली वीस किलोची जोडी तशीच ओल्या वाळूत टाकलेली.

"अरे, वाळूत काय टाकतोस!" ती ओरडली. "अक्कल आहे का? कालपासून काय सांगतेय मी तुला? एक कण आत गेला तर वाट लागते तिची!"

जवळून जाणाऱ्या बाईने वळून पाहिलं. धम्मदीपने गुपचूप दोरी उचलली आणि झटकू लागला. गाडीतही स्वप्ना घरी पोहोचेपर्यंत धुसफुसत होती. मार्चमधल्या गाठीचाही तिने आता समाचार घेतला. खडकांजवळ कोण उडवतं? आणि तुटली तर सांगायचं नाही?

अजित दुपारी बायकोला, नुपूरला, घेऊन आला. केलीव्हिलहून दोन तास गाडी चालवून आलेला माणूस. त्याला पोहे आणि चहा झाला. मग स्वप्नाने त्याला हलक्या वाऱ्याचा पतंग दिला, रोजचाही दिला, दोरीविना. हलक्या वाऱ्याचा देताना तिने तो एकदा उघडून दाखवला. वाऱ्याची झुळूक नसतानाही तो उडायचा, नुसत्या बोटांच्या इशाऱ्यावर. तो आता तिच्या उपयोगाचा नव्हता.

"याला वीस किलोचीच दोरी लाव," ती म्हणाली. "घरात मांजा असेल तर त्याच्या जवळपासही आणू नकोस. मांजा या दोरीला क्षणात कापतो. आणि गाठ मारायची नाही. तुटली की दोन्ही बदलायच्या."

"अन् तो तिसरा?" अजितने विचारलं. "फोनवर धम्मदीप तीन म्हणाला होता."

"तो नाही," स्वप्ना म्हणाली.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की दोन वर्षांत जे परत आलं नाही ते बहुधा येणार नाही. स्वप्नाने मान हलवली. बोटं तशीच राहिली. बाकीचं हळूहळू, तुकड्यातुकड्याने येत गेलं. सगळं आलं असं नाही. कधी लॅबमध्ये एखादा नमुना तुटायचा आवाज ऐकून ती दचकायची. फोनवर चारुता उलट बोलली की दुखायचं. एकदा यामिनीच्या घरी चहा पिता पिता, काही कारण नसताना, ती खूप रडली.

पश्चिमेचा वारा असेल त्या दिवशी ती जाते. नसेल त्या दिवशी जात नाही. पूर्वीसारखं नाचवणं जमत नाही, मेळाव्याला ती आता नाव देत नाही. किनाऱ्यावर नवखं कोणी विचारलं की कुठला पतंग घेऊ, तर ती आधी विचारते, कुठे राहता, तिथे वारा कसा असतो. मग दोरीचं सांगते.

या सप्टेंबरात जुनी सत्तरची दोरी थकली म्हणून तिने नव्वद किलोची नवी जोडी मागवली. नवी दोरी पहिल्यांदा वापरण्याआधी ताणून घ्यावी लागते, नाहीतर खेळताना दोन्ही वेगवेगळ्या लांबतात. शनिवारी दोघं ओव्हलवर गेले. खुंटा ठोकून झाला. धम्मदीपने टोकं हातात घेतली आणि पाय रोवून मागे झुकला. स्वप्ना मधोमध उभी राहून दोन्ही दोऱ्यांवर मनगटाची आतली बाजू टेकवून बघत होती, कुठली सैल आहे ते.

"आता?" त्याने विचारलं.

"नाही."

"आता?"

"अजून ओढ," ती म्हणाली. "डावी. घाबरू नकोस, नाही तुटत."